फुकट आणि मोकळं
सीडीवर लिहायच्या मार्करचा उग्र वास आला की मला जव्हारच्या आमच्या कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली आठवते. तिथे मी आणि आमचे गणिताचे सर मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या आश्रमशाळेसाठी मुक्त, म्हणजे कुणीही वापरावं आणि वाटावं अशा गणिती सॉफ्टवेअरची सीडी बनवत होतो. मूळ सॉफ्टवेअरसोबत इतरांनी लिहिलेली छोटी पॅकेजंही घालायची होती. मी प्रत्येकाचा परवाना वाचत होते, कारण संघटनेची पत्रकं वाटत वाढलेल्या मला 'छापा आणि वाटा' एवढे शब्द पवित्र वाटायचे. आलेख काढणाऱ्या पॅकेजपाशी मी अडले. स्वतः वापरा, पण दुसऱ्याला वाटू नका, असं त्यात लिहिलं होतं. "अगं, फुकट आहे ते!" सर म्हणाले. "फुकट आहे सर, पण मोकळं नाही." "दहावीच्या पोरांना आलेखच तर दाखवायचेत. आणि मोखाड्यात कोण येतंय बघायला?" "सर, धान्य कमी मापताना आमचा रेशनवालाही हेच म्हणतो." सरांनी ते पॅकेज काढलं आणि नवी सीडी बनवली. शाळेत गेल्यावर त्यांनी तिथल्या गुरुजींना सांगितलं, "यात आलेख निघणार नाहीत, ते फळ्यावरच काढा." गुरुजींचा चेहरा पडला. सीडी उलटसुलट करत त्यांनी विचारलं, "मंग ही वावर गावच्या शाळेला दिली तर चालंल का?" "द्या की. कुणाला विचारायला नको," सर माझ्याकडे न बघता म्हणाले. त्या मुलांना पडद्यावर आलेख दिसला नाही, हे मला आजही टोचतं. तरी ती सीडी मी पुन्हा तशीच बनवेन.