रेवाच्या मुलाखतीला आम्ही तिघं

स्कॉटलंडला लोक डोंगर आणि तळी बघायला जातात. आम्ही गेलो आमच्या रेवाच्या मुलाखतीला.

रेवा एकोणीस वर्षांची, जन्म इथला, लंडनजवळच्या वॉटफर्डचाच. फार्मसीचं पहिलं वर्ष अर्ध्यावर टाकून ईस्टरला घरी आली आणि म्हणाली, "आई, मला हे नाही जमत. मला गार्डनर व्हायचंय." माझी झोपच उडाली. पर्थच्या वर डोंगरात एका जुन्या सरदार घराण्याची इस्टेट आहे, तिथल्या बागेत वर्षभर शिकाऊ म्हणून एक जागा होती, राहायच्या खोलीसकट. घरात ठरलं असं, की जागा मिळाली तर ठीक, नाहीतर सप्टेंबरात मुकाट्याने पुन्हा फार्मसी. मी मनातून फार्मसीच्या बाजूने होते हे सांगायलाच नको.

"मी ट्रेनने एकटी जाते ना," ती म्हणत होती. पण आपल्याकडे मुलांना परीक्षेला एकटं सोडतात होय? गाडी काढली.

वॉटफर्डहून जाणार असाल तर पहाटेच निघा, नाहीतर एम सिक्स मोटरवेवर दिवस जातो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती, त्यामुळे वाटेतल्या सर्व्हिसेसवर फक्त कॉफी. स्कॉटलंडची बॉर्डर ओलांडली की रस्ता मोकळा आणि आभाळ मोठं होतं. पण मला कसलं आभाळ! मी सारखी रेडिओ बदलत होते, खिडकी वरखाली करत होते. "अगं, शांत बस जरा," नितीन, माझा नवरा, म्हणाला. मागे रेवा कानात हेडफोन घालून झाडांची लॅटिन नावं पुटपुटत होती.

पर्थला एका बी अँड बीमध्ये मुक्काम केला. ब्रेकफास्टला व्हेजिटेरियन हॅगिस, म्हणजे ओट्स आणि डाळींचा स्कॉटिश खिमा मिळतो, खाऊन बघा, मसालेदार असतो. सकाळी पुढचा रस्ता एकाच गाडीपुरता अरुंद निघाला. समोरून गाडी आली की बाजूच्या खाचेत थांबायचं, हात वर करून आभार मानायचे. मेंढ्या मात्र कुणाचे आभार मानत नाहीत.

गेटवर रेवाला बागेच्या माणसांनी आत नेलं. दिवसभर काम करून दाखवायचं आणि शेवटी मुलाखत. आम्ही तिकीट काढून त्या सरदारांचं घर बघायला गेलो. नुसत्या बागेचं तिकीट स्वस्त पडतं, पण घरही बघाच. जिन्याच्या भिंतीवर हरणांची शिंगंच शिंगं, खालच्या दालनात टार्टनचा, म्हणजे स्कॉटिश चौकडीचा गालिचा, आणि जेवणाच्या टेबलावर आजच पाहुणे येणार असल्यासारखी मांडलेली चांदी. गाईड आजी पूर्वजांच्या तसबिरींबद्दल किती प्रेमाने सांगत होत्या! माझे डोळे मात्र खिडकीबाहेर. नितीनला कंटाळा आला, तो आधीच बागेत सटकला. मी आणखी एक खोली कशीबशी पाहिली आणि त्याच्या मागे धावले.

भाजीची बाग विटांच्या उंच भिंतींच्या आत आहे. भिंतीला टेकवून नासपतीची झाडं वाढवलेली. तिथे नितीन एका ढकलगाडीवाल्या बाईशी मजेत गप्पा मारत होता. तिचे गुडघे चिखलाने भरलेले.

"तुमची मुलगी छान काम करतेय," ती म्हणाली.

"ओह नो नो," नितीन हसत हसत म्हणाला, "शी इज व्हेरी लेझी ॲट होम! सकाळी उठत नाही. फार्मसीही अर्धवट सोडली. आता बघू या, हे किती दिवस टिकतंय!"

"इज दॅट सो," बाई म्हणाली. हसली नाही. "मी मोरॅग, इथली हेड गार्डनर. दुपारी तिची मुलाखत मीच घेणार आहे." आणि ढकलगाडी घेऊन काचघराकडे गेली.

अरे देवा! आपल्याकडे कुणी मुलांना चांगलं म्हटलं की आपण लगेच म्हणायचं, "कसलं हो, घरी इकडची काडी तिकडे करत नाही." मग समोरच्याने म्हणायचं, "असं काय म्हणता, गुणाची आहे पोर." मोरॅगला हा दुसरा भाग कुणी शिकवलाच नव्हता.

"काय झालं?" नितीन म्हणाला. "मी काय वाईट बोललो?"

खरं सांगते, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. आता गप्प राहिलं की झालं, सप्टेंबरात फार्मसी. पण 'लेझी' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. माझी मुलगी आळशी? मी तरातरा काचघरात शिरले.

"माझ्या नवऱ्याचं ऐकू नका," मी इंग्रजीत म्हटलं. "आम्ही असंच बोलतो, ती पद्धत आहे. आमच्या गॅरेजमागे लोक जुन्या गाद्या टाकायचे. तिथे तिने एकटीने खणून भाजीचा वाफा केला, जानेवारीत, शाळेच्या आधी, अंधारात उठून. इतकी चिवट मुलगी मी दुसरी पाहिली नाही. आय ॲम प्राउड ऑफ हर."

टोमॅटोच्या रांगेमागे काहीतरी हललं. रेवा तिथेच होती, हात मनगटापर्यंत मातीत. तिने सगळं ऐकलं होतं. वर मात्र पाहिलं नाही.

"थँक यू," मोरॅग म्हणाली. बस, एवढंच.

मग आम्ही टीरूममध्ये बसलो. चीज स्कोन आणि डाळीचं सूप चांगलं होतं म्हणे. मला चव कळली नाही. मुलाखत आटोपून रेवा आली, मागे हेडफोन घालून बसली आणि आम्ही परतीला लागलो.

जावं का तिथे? जरूर जा, मे अखेरीला जा, रोडोडेंड्रॉनची झुडपं काय फुलतात! फक्त एखादा दिवस जास्त ठेवा आणि डोक्यात दुसरं काही घेऊन जाऊ नका. माझं निम्मं बघायचं राहिलं.

घरी आल्यावर आठवडाभर मी कपाटं आवरत सुटले. मग एका संध्याकाळी मी पोळ्या करत असताना रेवा फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "मिळाली," ती म्हणाली. म्हणजे फार्मसी गेलीच, आणि तरी मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"आई, तू तिथे बोललीस ते खरं होतं? की फक्त जॉबसाठी?"

'घरी तर एक ताट उचलत नाहीस' हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"ती जागा तुला मिळू नये असं मला वाटत होतं," मी म्हटलं. "तरीही खरं होतं."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "मग मला एकदा सांग ना. मोरॅगला नाही, मला. मराठीत."

मी गॅस बंद केला, तिच्याकडे वळले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.