सुई ओवता येते तोवर

हे लिहायचंच नव्हतं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. पण रफूमावशीकडे तेवढा वेळ नाही, म्हणून एका दमात लिहून टाकते.

रफूमावशी इस्त्रीच्या दुकानात खिडकीशी बसते. कोटाला सिगारेटनं भोक पडू दे नाहीतर उंदरानं स्वेटर कुरतडू दे, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढते आणि असं विणते की भोक कुठं होतं ते नंतर तिलाही सापडत नाही. नवरा गेल्यावर लेकीला वाढवलं ते याच सुईवर.

सकाळी दुकानात आली की सगळ्यात बारीक सुई घ्यायची आणि दोरा ओवायचा. एका झटक्यात गेला की म्हणायची, "झाली तपासणी. डोळे ठणठणीत."

"आई, एकदा डॉक्टरला दाखवू या," लेक मागे लागायची.

"त्याला म्हणावं आधी ही सुई ओवून दाखव."

डोळे लाल व्हायचे, खाजायचे, एवढं मात्र होतं. दिवसभर लोकरीची कुसं उडणार, दुसरं काय होणार. फार पूर्वी एका डॉक्टरनं आठवड्यापुरते थेंब दिले होते. ते घातले की लाली छूमंतर. मग बाटली संपली की इस्त्रीवाला तीच आणून द्यायचा. कितीतरी वर्षं. औषधाच्या दुकानात कुणी चिठ्ठी मागितली नाही आणि यांनाही कधी प्रश्न पडला नाही.

मग मावशी धडपडायला लागली. कधी टेबलाचा कोपरा लागायचा, कधी उंबरा.

"मावशी, टेबल काय आज आलंय का? तुमच्याआधीपासून आहे ते इथं," इस्त्रीवाला चिडवायचा.

"तूच सरकवतोस मेल्या."

आणि तिला खरंच तसं वाटायचं.

एका दुपारी समोरच्या कोटावरची नजर न काढता तिनं बाजूला कात्रीसाठी हात घातला. तो थेट तापलेल्या इस्त्रीवर पडला.

हात भाजला म्हणून लेकीनं तिला दवाखान्यात नेलं, आणि मलमपट्टी झाल्यावर आईचं काही न ऐकता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडेही नेलं. तिथं एका यंत्रात हनुवटी टेकवायची, मधोमध बघत राहायचं आणि कडेला कुठंही उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मावशी बटण धरून बसून राहिली.

"यंत्र चालू करा की बाई."

"चालूच आहे, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मोतीबिंदू असेल तर काढून टाका, मावशी म्हणाली, आमच्या शेजारणीचा काढला, संध्याकाळी घरी. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मोतीबिंदू काढता येतो, नवं भिंग बसवता येतं. हा काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस मरत जाते, आणि नजर कडेकडेनं जाते. मधली सगळ्यात शेवटी, म्हणून तर सुई ओवता येत होती.

मावशीनं दोऱ्याच्या पिशवीतून ती बाटली काढली. "पण मी रोज औषध घालते की."

बाईंनी बाटली उजेडाशी धरून वाचली. यात स्टेरॉइड होतं. डॉक्टरच्या नजरेखाली थोडे दिवस घालायचं. दाब बहुतेक यानंच वाढला होता.

"म्हणजे भोकाभोवतीचं कापडच विरलं म्हणा," मावशी म्हणाली. "त्याला रफू नाही?"

"गेलं ते येत नाही. उरलंय ते धरून ठेवायला दुसरे थेंब देते. दाब नाही उतरला तर ऑपरेशन."

लेक तशीच तडक दुकानात गेली आणि इस्त्रीवाल्याला सगळं ओरडून सांगून आली. तो इस्त्री बंद करून पायरीवर बसून राहिला. मावशी आली, ती चाचपत चाचपत त्याच्या शेजारी टेकली.

"मी सांगितलं म्हणून आणलंस. घातलं मी. ऊठ, गिऱ्हाईक आलंय."

आता संध्याकाळी दुकान बंद करताना नवे थेंब तोच घालतो. पहिला थेंब हमखास गालावर. "डोळा वर आहे रे," ती म्हणते. पण दाब हवा तसा उतरत नाहीये. एक डोळा जवळजवळ गेला. ऑपरेशन ठरलंय, तेही उरलेलं राखण्यापुरतंच. सुई ती अजून ओवते, एका झटक्यात. फक्त "झाली तपासणी" म्हणत नाही.

तुमच्याकडे एखादा फाटका कोट असेलच. घेऊन जा. नसला तरी जा. कडेला उभं राहू नका, तिला कळणार नाही. अगदी समोर जाऊन उभे राहा. ती आधी विचारेल, "डोळ्यात काही घालता का? दाखवा बाटली." दाखवा. पण लवकर जा, तिला तुमचा चेहरा दिसतोय तोवर.