अक्काच्या थैलीतली धूळ

लढाईच्या दिवसांत मी धुळ्याला शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. धुळ्यात राहून धूळ तपासायचा पगार घेतो, म्हणून घरची मंडळी हसत. मी माती कानाने ऐकतो, अशीही त्यांची समजूत होती. ती काही अगदीच खोटी नव्हती. धूळ शुद्ध पाण्यात ढवळायची, निवळू द्यायची. वरचं पाणी काचेच्या भांड्यात घेऊन त्यातून वीज सोडायची. मग टेलिफोनसारखा कर्णा कानाला लावून तारेवरचा काटा सरकवायचा. गुणगुण सगळ्यात बारीक होईल तिथला आकडा धरायचा. पाण्यात क्षार जास्त असले की वीज सहज जाते. त्यावरून क्षार किती, त्याचा अंदाज.

एका उन्हाळ्याच्या शेवटी माझे चुलते, नाना, चाळीसगावकडून थेट माझ्या टेबलाशी आले, हातात धुळीची थैली. गिरणाकाठच्या नव्या शेतात त्यांना केळी लावायची होती. फैजपूरचे मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याचे लावायचे कोंब, आणून ओल्या गोणपाटाखाली झाकलेले. आणि नेमकी शेतात पांढरी धूळ उडायला लागली. गाव म्हणे, जमीन खारट. मुनवे तर फार दिवस थांबणार नव्हते.

मी कर्णा लावला. काटा सरकवत गेलो, गुणगुण काही उतरेना. उतरली ती पार टोकाला, जिथे काटा नेल्याचं मला आठवत नव्हतं.

"काय म्हनस माटी?"

"थांबा, नाना."

"अरे, बोल ना काहीतरी!"

पाणी तापलं की आकडा चढतो, म्हणून भांडं गार केलं. तेच. मग स्वतःच्या घामावर संशय घेतला, हात धुतले, भांडं विसळलं, नवं पाणी घेतलं. तेच. एवढ्या क्षारात केळीचं पान करपणार, असं शेवटी सांगून टाकलं. नानांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"म्हंजे मना शेतमा बठ्ठं मीठच शे."

काहीतरी करायचं म्हणून मी थैली उलटी केली. शिवणीत उडदाचं पीठ चिकटलेलं दिसलं.

"नाना, थैली कोणाची?"

"अक्कानी शे. पापडखारनी."

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. सरकारी कामाला जायचंय म्हणून घरातली सगळ्यात स्वच्छ थैली तिनेच काढून दिली होती! म्हणजे इतका वेळ मी तिचा पापडखारच मोजत होतो. मला हसू फुटलं. नानांना नाही.

"हसू नको. केळी लावू का नको?"

ते मला अजूनही सांगता येत नव्हतं. नाना परत गेले, धुतलेल्या बाटल्यांतून ठिकठिकाणची धूळ घेऊन आले. आता आकडे बरे आले, फक्त उताराकडचा कोपरा वाईट.

"तेवढा कोपरा सोडा, बाकी लावा," मी म्हटलं आणि माझी झोप गेली. अंदाज हा शब्द प्रयोगशाळेत शोभतो. नाना त्यावर मुनवे लावून बसले होते. चाळीसगावचा कोणीही भेटला की मी आधी केळीच्या पानांच्या कडा कशा दिसतात ते विचारी. लोक मला टाळायला लागले.

पुढच्या साली नानांनी टेबलावर केळ्यांची फणी ठेवली. मी घाईने एक सोलायला घेतलं.

"थांब! पहिले कानले लाव."

सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसत कानाला लावलं, मग चाखलं. गोड होतं. तरी विचारलंच, "नाना, हे त्या कोपऱ्याजवळचं तर नाही ना?"