फ्रिजचा खालचा कप्पा

कंपू भागातल्या हॉस्पिटलातून भाच्याचा फोन आला तेव्हा मी फ्रिज धूत होते. माझा थोरला भाऊ, वसंतदादा, दोन दिवस तिथे भरती होता. ती संधी साधून मी त्याचे लेंड्यांचे डबे फेकले होते आणि कप्पे गरम पाण्यानं घासत होते. "मावशी, मामा गेले..." हाताला वास येत होता, त्याच हातानं मी डोळे पुसले. शी! भावाच्या जाण्याची माझी आठवण ही अशी आहे.

दादा गुरांचा डॉक्टर. रिटायर झाल्यावर त्यानं दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरातच मायक्रोस्कोप मांडला आणि लोक म्हशींचं शेण, बकऱ्यांच्या लेंड्या घेऊन येऊ लागले. माझ्याच चहाच्या गाळणीतून तो ते मिठाच्या पाण्यात गाळायचा, वर तरंगणारी जंतांची अंडी मोजायचा आणि औषध द्यायचं की नाही ते सांगायचा. मोजेपर्यंत डबे फ्रिजमध्ये, माझ्या श्रीखंडाच्या खाली! मला उमासे यायचे. "दादा, ही घाण पहले बाहेर काढ!" "अगं, इतकी काय घिन करतेस? गरमीत अंडी फुटून जातात, मग मोजू काय?"

एका श्रावणात तो भोपाळला गेला होता. चार बकऱ्यांवर घर चालवणारी रामकली तेव्हाच डबा देऊन गेली. मी नाक दाबून तो दोन दिवस मागच्या मोरीत ठेवला आणि दादा यायच्या आधी गुपचूप फ्रिजमध्ये सरकवला. त्याला अंडी अगदी थोडी दिसली. "अभी दवा की जरूरत नहीं," त्यानं तिला सांगितलं. आठवड्यात तिच्या दोन बकऱ्या मेल्या, जंतांनी रक्त पिऊन पांढऱ्याफटक पडलेल्या. ती दारात रडत होती आणि दादा हात जोडून म्हणत होता, "गलती मेरी है. गिनती पर भरोसा किया, जाकर बकरियों की पलकें पलटकर नहीं देखा कि खून कम तो नहीं." मी स्वयंपाकघरात सगळं ऐकत होते, आणि तोंड शिवून बसले. लेंड्यांची कधी आली नाही इतकी किळस मला त्या दिवशीच्या स्वतःची येते.

त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या कप्प्यावर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटलेली होती: 'डबे बाहेर काढू नयेत.' म्हणजे त्याला कळलं होतं... गरम पाण्यानं घासूनही ती चिठ्ठी निघालेली नाही.

परवा रामकली डबा घेऊन आली. दादा गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ऐकून ती पायरीवरच बसली. मला राहवलं नाही.

"रामकली, तब गलती भैया की नहीं थी. डिब्बा मैंने बाहर रख छोड़ा था."

इतकी वर्षं मी तिच्या डब्याकडे जशी बघत आले, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अब गिनेगा कौन?"

"पडाव के पास उनका एक शागिर्द बैठता है. कल सुबह मैं खुद ले जाऊँगी."

ती उठली. डबा माझ्या हातात दिला.

"बाहर मत छोड़ना, जीजी."

मी ओकारी गिळत तो खालच्या कप्प्यात ठेवला.