दाजींचं पित्ताशय आणि क्रेनची केबिन

सर्व आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि तिन्ही शिफ्टचे कामगार बंधू यांस कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आमच्या दाजींचे पित्ताशय दीर्घ आजारानंतर देहातून मुक्त झाले असून, ते अंत्यदर्शनासाठी आमच्या चिंचवडच्या खोलीत, शोकेसच्या मधल्या कप्प्यात, बिस्किटांच्या डब्याला खेटून ठेवण्यात आले आहे. दर्शनाची वेळ : शिफ्ट सुटल्यावर. येणाऱ्यांना चहा-पोहे मिळतील.

असं निवेदन कुठे छापून आलं नव्हतं, पण माणसं आली ती ते वाचून आल्यासारखीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. पंचाहत्तर सालच्या आगेमागे मी सांगलीकडून नोकरीला आलो तो त्यांच्याच दोन खोल्यांत राहिलो आणि त्यांच्याच कंपनीत, त्यांच्याच शेडमध्ये फिटर म्हणून लागलो. मी खाली जमिनीवर, दाजी वर छताखाली. ते क्रेन चालवायचे. ओतीव लोखंडाचं अवजड कास्टिंग उचलून शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अलगद नेऊन ठेवायचं, हे त्यांचं काम. खालून साहेब लोकसुद्धा मान वर करून त्यांच्याशी बोलत. दाजींना सगळ्यात जास्त आवडायचं ते हे मान वर करणं.

ते बसायचे ती केबिन छताखाली आडव्या धावणाऱ्या क्रेनच्या पुलाला खालून टांगलेली; तिला सरळ दार नव्हतं. भिंतीलगतच्या शिडीने वर चढायचं, क्रेनच्या पुलावर जायचं आणि पुलाच्या तळाशी एक चौकोनी भोक होतं त्यातून पाय खाली सोडून आत उतरायचं. दाजी नोकरीला लागले तेव्हा त्या भोकातून सळसळत जात. मग कॅन्टीनचे वडे, ओव्हरटाइमचं जेवण आणि ताईच्या हातची पुरणपोळी यांनी एकजुटीने काम केलं. पुढे पुढे त्यांच्या शर्टाची बटणं त्या भोकाच्या काठावर राहू लागली. एके दिवशी केबिनमध्येच पोटात अशी कळ आली, की साखळीला कास्टिंग लटकत ठेवून ते आडवे झाले. चौघांनी दोर लावून, काखेत हात घालून त्यांना वर ओढलं, तेव्हा अंगाला ग्रीस चोपडावं लागलं होतं. मी त्या चौघांतला एक. काळं ग्रीस, त्यात घाम, त्यात दाजींनी नुकतंच ओकलेलं वांग्याचं भरीत. मी वांगं पुन्हा खाल्लं नाही.

पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. शेडच्या साहेबांनी मात्र अट घातली. बरे होऊन आलात की कंपनीच्या डॉक्टरांसमोर स्वतःच्या पायांनी केबिनमध्ये उतरून दाखवायचं. जमलं तर क्रेन तुमची. नाही तर स्टोअरच्या खिडकीत बसून हातमोजे आणि पुसायच्या चिंध्या वाटायच्या, रिटायर होईपर्यंत. तोवर क्रेनवर बीडकडचा एक सुकडा माणूस बसवला. तो भोकातून असा जायचा की भोकाला कळायचंही नाही. दाजींना तो डोळ्यांसमोर नको व्हायचा.

आता दाजी पडले जन्माचे कारखान्यातले. मशीन एकदा उघडलं की ऑइल, बेअरिंग, पॅकिंग सगळं एकाच खेपेला बघून घ्यायचं. पुन्हा पुन्हा खोलत बसायचं नाही. पुण्याच्या दवाखान्यात त्यांनी सर्जनसाहेबांना हेच ऐकवलं.

"साहेब, पोट तुम्ही उघडणारच आहात. तर त्याच खेपेला चरबीपण काढून टाका. क्रेनचा प्रश्न आहे."

सर्जन हसले आणि आत गेल्यावर बघू म्हणाले. दाजींनी तो होकार धरला.

त्या काळी पोटातून जे काढलं ते नातेवाइकांना दाखवायची रीत होती. मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसलेलो. दार उघडलं, पेशंटचं कोण आहे म्हणून हाक आली आणि माझ्या नाकाखाली एक पांढरा ट्रे आला. त्यात हिरवट, लिबलिबीत, फुगा फुटून चिखलात पडावा तसं काहीतरी. त्याला पिवळ्या लोण्यासारखे गोळे चिकटलेले. चिमट्याने ते उलटसुलट करून मला दाखवण्यात आलं, जणू मी साडीचा पोत बघायला आलो होतो. मी मान हलवली. मग बाकाखाली वाकून सकाळचा चहा परत केला.

पुढचे दिवस आणखी घाण. दाजींच्या कुशीतून एक रबरी नळी निघाली होती आणि ती खाटेखालच्या बाटलीत पित्त ठिबकवायची. गडद पिवळं, वर हिरवा तवंग. ते ओतून यायचं काम माझ्याकडे. वास कडू असतो हे मला तिथे कळलं. तो बोटांना चिकटायचा, साबणाने जायचा नाही आणि दवाखान्याच्या मेसमध्ये आमटी तर नेमकी त्याच रंगाची. दाजी मात्र रोज बाटली उजेडात धरायला लावत. काल जास्त होतं की आज, यावर शेजारच्या खाटेवरच्या हर्नियावाल्याशी त्यांची चर्चा चाले.

घरी येताना पित्ताशय, खडे आणि ते पिवळे गोळे औषधात बुडवून एका रुंद तोंडाच्या बाटलीत मिळाले. दाजींनी गोळ्यांकडे बोट दाखवून जाहीर केलं, ही चरबी. सर्जनसाहेबांनी शब्द पाळला. पेज पिऊन पिऊन त्यांची पँट ढिली झालीच होती. दुसरा पुरावा कोण मागणार? बाटली शोकेसमध्ये गेली.

मग दर्शनाला रांग. फर्स्ट शिफ्ट सुटली की एक लोंढा, सेकंड शिफ्टवाले कामावर जायच्या आधी. दाजी पलंगावर बसून झाकण उघडत. नाकात झिणझिण्या आणणारा वास पोह्यांच्या वाफेत मिसळे. खडे त्यांनी वेगळे वाळवून ठेवले होते; ते बशीतून फिरत. माणसं ते बोटांनी चोळत, दाताखाली धरल्यासारखा चेहरा करून त्यांचा कडकपणा जोखत आणि त्याच बोटांनी पोह्यांतला शेंगदाणा उचलत. एकाने विचारलं, राव, हे पिवळं वितळवलं तर किती निघेल. दाजींनी खरोखर विचार करून उत्तर दिलं. ताई स्वयंपाकघरात पदर नाकाला लावून उभी. त्या बशीत ती पुन्हा कुणाला चहा देणार नव्हती, पण कुठली बशी ती, हे आता सांगता येत नव्हतं.

चरबी बाटलीत गेली म्हटल्यावर पोटात नवी कशी येणार? दाजींनी हात सैल सोडला. कुरुळीला दिलेल्या त्यांच्या बहिणीने गावाकडचं तूप आणलं. "लई वाळला गं माझा भाऊ," म्हणत तिने ते भातावर ओतलं, भात दिसेनासा होईपर्यंत. दाजी जेवायचे, ढेकर द्यायचे आणि त्या ढेकरात तूप, दवाखाना आणि आदला दिवस असं सगळं एकदम यायचं. मी माझं ताट उचलून गॅलरीत जायला लागलो.

तपासणीला गेलो तेव्हा सर्जननी पोटावरचा उभा व्रण दाबून बघितला आणि वजन इतकं कसं वाढलं ते विचारलं. दाजी म्हणाले, वाढेल कसं, चरबी तर तुम्ही काढली. सर्जनना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"अहो, पित्ताशयाला चिकटलेला तुकडा होता तो. पोटावरची चरबी आम्ही नाही काढत. तुम्हीच घालता, तुम्हीच काढायची."

परतीच्या बसमध्ये दाजी पिंपरीपर्यंत पोटाची वळी चिमटीत धरून बघत होते. केबिनमध्ये उतरून दाखवायचा दिवस आठवड्यावर आला होता. घरी ताईने चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं.

"ते मांस आधी माझ्या शोकेसमधून काढा. नाहीतर मी तरी इथून निघते."

बाटली मी पवनेच्या काठाला खड्डा करून पुरली, तोंड फिरवून. दाजी दुधी आणि मुगाच्या पाण्यावर आले. पँट थोडी सरकली, पण भोक मोजून आलेल्या मला माहीत होतं, पुरेशी नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी कुणाला न विचारता एरंडेल घेतलं. थोडंथोडकं नाही. उगाच आत कशाला काही ठेवायचं, असा हिशेब.

दुसऱ्या दिवशी शेडमधली मशीनं थांबली नव्हती, पण बघत सगळे वरच होते. साहेब, कंपनीचे डॉक्टर, मी खाली उभे. बीडवाला केबिनमध्ये बसून होता. दाजी आत आले की बाजूला सरकून चार्ज द्यायचा, असं ठरलेलं. दाजी शिडी चढले. चेहरा पांढरा, ओठ घट्ट. पुलावर गेले, भोकाशी बसले, पाय आत सोडले. मांड्या गेल्या. कंबर गेली. मग पोट आलं आणि थांबलं.

दाजींनी श्वास सोडून सगळा भार खाली टाकला. शर्ट काखेपर्यंत वर गेला, जांभळा व्रण काठावर घासला. भोकाने पोट दाबलं आणि पोटाने एरंडेल.

आधी आवाज आला. नंतर जे आलं तो आवाज नव्हता.

केबिन चारी बाजूंनी काचेची. आत बीडवाला खुर्चीवर बसलेला, डोक्याच्या नेमके वर दाजी, आणि बाहेर जायची एकच वाट, तीही दाजींनी बुजवलेली. तो खुर्चीवरून खाली बसला, मग कोपऱ्यात गेला, मग काचेला गाल चिकटवून उभा राहिला. डॉक्टरांनी रुमाल काढला. साहेब दोन पावलं मागे सरले. दाजी डोळे मिटून हळूहळू, इंच इंच, खरोखरच खाली घसरत होते. मागे जे काम ग्रीसने केलं होतं ते आता एरंडेल करत होतं. मला ओकारी येत होती आणि मी हसतही होतो, हे दोन्ही एकाच वेळी करणं फार अवघड असतं. तेवढ्यात बीडवाल्याने काचेची सरकती खिडकी कशीबशी उघडली, मुंडकं बाहेर काढलं आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल असा ओरडला, "भाऊ, क्रेन तुमची, जन्मभर तुमची, पण मला आधी हितून भाईर काढा!"