गोधडीच्या पोटातला घास

माझी पहिली गोधडी शिवायला मला अकरा दिवस लागले आणि उसवायला सात बायका.

माझं माहेर कोल्हापूरकडं. शाळा आठवीतच सुटली. नवरा ट्रकमधून तांदूळ पोचवायला आमच्या गावी आला आणि परतीच्या फेरीत सोयरीक जमवून गेला. अशी मी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, लाखनीला आले. सासूबाईंनी वर्षभरात एकदाही आवाज चढवला नाही. इतकं चांगलं वागवलं की मलाच धास्ती बसली. आज ना उद्या यांना माझी खरी किंमत कळणार! म्हणून नणंदेला मुलगी झाली तेव्हा मी म्हटलं, "बारशाची गोधडी मी शिवणार."

"शिव नं," सासूबाई म्हणाल्या. "पण पयले चौकोनी ठिगळं अन् सरळ टाका घे. हात बसला का मंग फुलं काढजो."

मी मान डोलावली आणि कमळ आखलं. (सरळ टाक्यात माझी कृतज्ञता मावेना!) आठ पाकळ्या ठरल्या होत्या. पाचव्या पाकळीला कमळाचा कोबी झाला. तो झाकायला वरून आणखी पाकळ्या लावत गेले, त्या एकोणीस झाल्या.

आमच्या माहेराकडं गोधडी उपाशी ठेवत नाहीत. कोपऱ्यात भाकरीचा वाळका तुकडा शिवतात, म्हणजे पांघरणाऱ्याला अन्न कमी पडत नाही. पण भाचीला वाळकी भाकरी कशी द्यायची? बारशाच्या सकाळी मी गुळाची पोळी केली आणि ज्या पाकळीचं तोंड उघडं दिसलं तिच्यात घास कोंबून टाके घातले. (तूप लावून!)

दुपारी पाळण्याभोवती बायका जमल्या. शेजारच्या काकूजी वाकून म्हणाल्या, "बाई वो! कमळाच्या काठानं काळी वेल भी काढली!"

मी वेल काढली नव्हती.

तेवढ्यात वेल चालू लागली.

"मुंग्या!" नणंदेनं झडप घालून बाळ उचललं. "वैनी, काय भरलं व हिच्यात?"

"घास."

"कायचा?"

"गुळाच्या पोळीचा."

सासूबाई पुढं आल्या. "कोणत्या पाकळीत?"

मी पाकळ्यांकडं पाहिलं. एकोणीसही पाकळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"अन् किती घास ठेवले?"

"एक कमी पडेल असं वाटलं, म्हणून तीन. नाहीतर पाच."

पाळणा राहिला बाजूला आणि सात बायका अंगणात गोल बसून उसवू लागल्या. "चौकोनाच्या कोपऱ्यात ठेवला असता तं एका मिन्टात भेटला असता," नणंद दर पाकळीला म्हणत होती. सासूबाई मान खाली घालून टाके उसवत होत्या. झालं, वर्षभराचा चांगुलपणा आज संपला, असं धरून मी पदर डोळ्यांपाशी तयारच ठेवला.

पाचवा घास त्यांच्याच हाती लागला. त्यांनी तो फुंकला, वास घेतला.

"पोळी मस्त झाली होती व!" म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की मलाच पाणी आणायला पळावं लागलं. बाळाचं नाव चटईवर ठेवलं.

आता दोन वर्षं मी चौकोनच शिवते आहे. वाकडे येतात, उसवते; पुन्हा शिवते, पुन्हा उसवते. या सरावानं माझं नाव मात्र झालं. पार अड्याळहून बायका जुन्या गोधड्या घेऊन येतात. "कापडाले धक्का न लावता उसवते आमची सून!" सासूबाई कौतुकानं सांगतात.

शिवायला त्या बायका पुढच्या घरी जातात.