रूथच्या आभाळासाठी तेल्हाऱ्याला

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते, आणि फलाटावरचा लोखंडी बाक इतका तापला होता की टेकवत नव्हतं. वैशाखात वऱ्हाडात जाऊ नकोस, असं पुण्यात प्रत्येकाने सांगितलं होतं. पण काम थांबण्यासारखं नव्हतं. कॅनडातल्या एका ऐंशी वर्षांच्या चित्रकर्तीची नजर झपाट्याने जात होती. ती पूर्ण जायच्या आत मला तिला एका भिंतीवरच्या आभाळाचा रंग कळवायचा होता.

रूथ ही माझ्या मुलीची, केतकीची, शेजारीण. केतकी सस्कॅचेवान प्रांतात राहते. नजर पोचेल तिथपर्यंत गव्हाची सपाट रानं, दुसरं काही नाही. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. पहिल्याच आठवड्यात दारातला बर्फ ओढत असताना कुंपणापलीकडून पांढऱ्या केसांची एक गोरी बाई ओरडली, "काहून गारठून राहिली वो? घरात जाय ना!"

माझ्या हातातलं फावडं खाली पडलं.

रूथची आई परिचारिका होती आणि तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात कामाला होती. रूथ तिथेच वाढली. ती बारा वर्षांची असताना आईची अचानक बदली झाली आणि मायलेकी कॅनडाला परतल्या. तिच्याजवळ मराठी उरली ती बारा वर्षांच्या पोरीची, तीही अस्सल वऱ्हाडी. पुढे तिने शाळेत शिकवलं, गव्हाच्या कोठारांवर पाट्या रंगवल्या, चाळिशीपर्यंत फुलं आणि डोंगर काढले. तिच्या मते ती सगळी चित्रं वाईट होती. मग एका वर्षी तिने सगळे रंग टाकून दिले आणि फक्त खाली काळा पट्टा काढला. वरचा सगळा कॅनव्हास कोरा. त्या चित्रांनी ती नावारूपाला आली. कुणाला त्या काळ्यात जळालेलं रान दिसलं, कुणाला कोऱ्या भागात हिमयुग. रूथ सगळ्यांना "हो हो" म्हणायची.

तिच्या गॅरेजमध्ये शेवटचं चित्र उभं होतं, भिंतीएवढं. खाली काळं, वर कोरं. समोर अॅल्युमिनियमची शिडी. दोन हिवाळे ती शिडी तशीच होती.

"तेल्हाऱ्यात सुमीच्या घरच्या भितीवर आमी चित्र काढलं होतं," ती म्हणाली. "खालची जमीन म्या केली, वरचं आभाळ सुमीनं. म्हून तं म्या कधी आभाळ काढलं नाई. ते माह्यं नाईच. पन या चित्रात तिचं आभाळ पायजे. मले रंगच याद नाई."

मी बँकेत नोकरी केलेली बाई. लोकांचे पत्ते काढणं मला जमतं. विदर्भातल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन फिरवले आणि रूथची बालमैत्रीण सुमी, म्हणजे आताच्या सुमनताई, सापडल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, अमरावतीला मुलाकडे. "आईले फोनवर ऐकू येत नाई, तुमी याच," मुलगा म्हणाला. म्हणून मी आले.

अमरावतीच्या घरी सून प्रज्ञाने दार उघडलं. आत डेझर्ट कूलरचा विमानासारखा आवाज. तिने आधी पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाली, "आई तं काल गेल्या ना तेल्हाऱ्याले."

"काल? मी आज येणार हे माहीत होतं ना?"

"माहीत होतं. पन बुद्ध पौर्णिमा आली. दरसाल जातात, माहेरची भित पोतारायले. (पोतारणं म्हणजे भिंतीला ओल्या मातीचा हात देणं.) मी म्हटलं, पाहुण्या पुण्याहून येऊन राहिल्या. तं म्हनतात, तिले भितच पाहाची हाये ना? मंग तथीच येऊ दे."

तर्क बिनतोड होता. प्रज्ञाने पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) आणि भाकरी खाऊ घातली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "लय तिखट नाई केलं," ती म्हणाली. निघताना तिने आपला दुपट्टा माझ्या डोक्याला आणि तोंडाला असा गुंडाळला की फक्त चष्मा बाहेर राहिला. "काढू नोका," तिने बजावलं. मी अकोल्याच्या स्टँडवर तो काढला आणि तिथेच भोवळ येऊन एका रसवंतीच्या बाकावर आडवी झाले. रसवाल्याने डोक्यावर पाणी ओतलं, रस दिला आणि म्हणाला, "पुन्याच्या काय?" हे त्याने कशावरून ओळखलं, ते मी विचारलं नाही.

अकोट गेलं आणि तेल्हाऱ्याच्या गाडीत मला खिडकी मिळाली. मी बाहेर पाहिलं. रानं नांगरून ठेवली होती. काळीशार जमीन, एकही पीक नाही, जवळपास झाड नाही. त्यावर आभाळ होतं, पण त्याला रंग नव्हता. उन्हाने ते पार पांढरं पडलं होतं. खाली काळं, वर कोरं. मी बसमधून रूथचं चित्र पाहत होते. ज्या चित्रांत लोकांना हिमयुग दिसलं, ती सगळी इथून गेली होती, अंगाची लाही करणाऱ्या या उन्हातून. मला आपलं वाटलं, काम झालं. आभाळ पांढरं. फोन करायचा आणि परत फिरायचं.

बरं झालं, फिरले नाही.

सुमनताईंचं माहेर वस्तीच्या टोकाला होतं. पुढे स्लॅबच्या खोल्या झालेल्या, मागे मातीच्या भिंतीची एक जुनी खोली राखलेली. तिथे ताई उकिडव्या बसल्या होत्या. कोपरापर्यंत काळी माती, शेजारी घमेल्यात शेण-मातीचा काला. भाचेसून वर्षा मागे उभी राहून रागावत होती, "आत्याबाई, मी करते म्हटलं तं ऐकत नाई!"

"तुह्या हातानं भितीवर लाटा उठतात," ताईंनी तिला उडवून लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. "तू काय ती पुन्यावाली? बस. पानी पी."

मी भिंत पाहिली. खाली काळा पट्टा, वरची कड दोरी धरल्यासारखी सरळ. वर पांढरा चुना. रूथच्या गॅरेजमधलं चित्रच माझ्यासमोर होतं, फक्त ओलं.

मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "ताई, तुम्ही दोघींनी चित्र काढलं होतं, ते हेच ना? यात आभाळ तुमचं होतं?"

"कोनतं चित्र?"

"रूथ म्हणते, जमीन तिने काढली..."

ताईंनी हात थांबवला. "चित्र कायचं वो? आमी घर पोतारून राहिलो होतो!"

मी मोबाइल काढून त्यांना रूथची चित्रं दाखवली. एकामागून एक. त्यांनी मातीचा हात लांब धरून, मान वाकडी करून सगळी पाहिली.

"हे सगळे आमच्या भितीचे फोटो?"

"चित्रं आहेत. मोठमोठ्या ठिकाणी लागलेली. सगळे विचारतात, ती क्षितिज इतकं खाली का धरते."

"क्षितिज!" ताई हसून हसून खोकल्या. "अवं, खाली बसून पोरीचा हात पुरते तेवढंच पोतारनं होते. हे पाह्य." त्यांनी बसल्या बसल्या हात वर केला. बोटं बरोबर पट्ट्याच्या कडेला टेकली.

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. चाळीस वर्षांची कला, आणि तिची उंची दोन पोरींच्या हातावर ठरलेली.

"मग वरचं?" मी विचारलं. "वरचं कोणी केलं?"

आता त्या हसल्या नाहीत. पदराने कपाळ पुसलं, माती कपाळाला लागली.

"इथं देव होते आमचे. रांगेनं मांडलेले. छप्पन साली बाबा नागपूरले गेले, दीक्षा घेऊन आले. देव काढले. भितीवर तेलाचे, कुंकवाचे डाग राहिले होते. बाबानं शिडी लावून अख्ख्या भितीले चुना मारला. माय म्हने, फोटो लावा एखांदा. बाबा म्हने, फोटो समोरच्या भितीवर लावू. या भितीवर आता काईच नाई ठेवाचं. मोकळी राहू द्या, पोरी मोकळ्या भितीखाली बसून अभ्यास करतीन." त्यांनी वर पाहिलं. "रूथी आन् म्या खालचं पोतारलं. वर हात लावाची कोनाले परवानगी नव्हती. अजूनही नाई."

खरंच, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, कुटुंबाचे फोटो होते, कॅलेंडर होतं. या भिंतीवर एक खिळाही नव्हता.

संध्याकाळ झाली होती, म्हणजे केतकीकडे पहाट सरलेली. ताईंना ऐकू यावं म्हणून मी वर्षाचा स्पीकर मोबाइलला जोडला, आवाज पूर्ण वाढवला आणि व्हिडिओ कॉल लावला. केतकी अंगावर कोट चढवून रूथच्या घरी गेली. पडद्यावर रूथचा चेहरा आला, अगदी जवळ, डोळे किलकिले.

"रूथे!" ताई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारची बाई डोकावली. "न सांगता गेली तू! वाट पाहिली म्या दोन दिवस!"

रूथ पडद्याच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "मले बी कोनी सांगतलं नव्हतं, सुमे. झोपेतून उचलून नेलं."

"बरं. हे बाई सांगून राहिली, तुले आभाळ पायजे."

"हो. तुह्या आभाळाचा रंग सांग."

"म्या नाई केलं आभाळ. वर बाबाचा चुना होता. वर काईच नव्हतं."

"काईच नाई?" रूथचा आवाज चिरका झाला. "मंग अर्धंच सोडलं होतं आपुन?"

"अर्धं काहून? बाबानं मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. पुरं होतं ते. याद नाई काय तुले, तू खडूनं वर पाखरू काढलं अन् बाबानं ओल्या फडक्यानं पुसलं?"

रूथने तोंडावर हात ठेवला. तिला ते पाखरू आठवलं, हे मला पडद्यावर दिसलं. मग दोघी एकदम बोलू लागल्या आणि त्यातलं मला निम्मंही कळलं नाही. मी मोबाइल घमेल्याला टेकवून ठेवला आणि वर्षाबरोबर चहा प्यायला पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून पुण्याची गाडी धरली, या वेळी दुपट्टा न सोडता. काळी रानं मागे पडेपर्यंत खिडकीपासून हलले नाही. प्रवासाला जाताना मी जागांची माहिती वाचून जाते. रूथच्या चित्रांबद्दलही पुष्कळ वाचलं होतं. त्यात बर्फ होता, एकटेपणा होता, जमीन होती. तेल्हाऱ्याचा एक माणूस शिडीवर चढून आपल्या घराच्या भिंतीवरचे डाग चुन्याने झाकतोय, हे कुठेच नव्हतं. रूथलाही ते ठाऊक नव्हतं, आणि चाळीस वर्षं ती तेच काढत होती.

आठवड्याने केतकीचा फोन आला. रूथने चित्राखाली सही केली होती. वरच्या भागाला हात लावला नव्हता.

"आणि आई, तिने ती शिडी आपल्याला देऊन टाकली. मी म्हटलं, तुला लागेल. तर म्हणाली, घेऊन जाय वो. वरचं काम सुमीच्या बाबानं कवाचंच केलं."